डब्यातले गप्पी

पनवेलला आमच्या शेजारी राहणाऱ्या ताई मूळच्या उरणजवळच्या करंजाच्या. बोलताना प्रश्न त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. त्यांचे मिस्टर बोटीवर जायचे. पक्षाघाताच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ते भिंतीकडे बघत पडून राहायचे.

एकदा ताई बाजारातून तांदूळ ठेवायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा आणि पिशवीत थोडे गप्पी मासे घेऊन आल्या.

"काचेची पेटी घ्यायची ना," मी म्हटलं.

"काच कशाला? मासं काय काच बघतात? नाय. ह्यांना दिसलं म्हंजे झालं."

डबा त्यांनी पलंगाच्या उजव्या अंगाला स्टुलावर ठेवला. हळूहळू मिस्टरांची मान तिकडे वळू लागली. दाणे टाकताना ताई माशांना दटावायच्या, "ए जाड्या, सगळं तूच खातोस? बाकीच्यांनी काय करायचं?" मला मात्र वाटायचं, ही बाई उगाच आस लावून बसली आहे.

परवा दुपारी शेजारून धप्पकन आवाज आला. धावत गेले, तर फरशीभर पाणी, तडफडणारे मासे. ते ओंजळीनं बादलीत सोडताना ताई एकीकडे रडत, एकीकडे हसत होत्या.

"मी नाय पाडला! ह्यांनी पाडला! ह्याच हातानं!"

मिस्टर आपल्या उजव्या हाताकडे टक लावून बघत होते.

सगळे मासे वाचले. ताईंनी डबा पुन्हा भरला आणि स्टूल पलंगाच्या आणखी जवळ सरकवलं.

"उद्या परत पाडा," त्या म्हणाल्या. "मी हाय पुसायला."