शेवटचा सूर जरा आखूड

आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज माझा, असं बायकोचं मत आहे. तरीही त्या दुपारी शांतता राखायचं काम तिनं मलाच दिलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, एवढीच माझी पात्रता.

आमची लेक सोमवार ते शुक्रवार खराडीत संगणकासमोर बसते आणि शनिवार-रविवार चार पोरांच्या रॉक बँडमध्ये गाते. मी त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला कानात कापूस घालून गेलो होतो. कसं झालं, म्हणून तिनं विचारलं, तर म्हणालो, ‘‘ऐकू आलं.’’ हे ती अजून विसरलेली नाही.

अशा मुलीला एका मराठी सिनेमातलं गाणं मिळालं. एकटीचं, बँडशिवाय. स्टुडिओत ते गाऊनही झालं होतं. पण त्या दिवशी सकाळी संगीतकाराचा फोन आला: दोन ओळी बदलल्यात, शेवटचं कडवं पुन्हा गाऊन संध्याकाळी सहाच्या आत पाठव. स्टुडिओ रिकामा नव्हता. ‘‘नाही जमलं तर राहू दे,’’ तो गोड आवाजात म्हणाला, ‘‘दुसऱ्या एका मुलीकडून आख्खं गाणं गाऊन घेतलेलं आहे.’’

त्यात आदल्या दिवशी बँडसाठी ओरडून लेकीचा घसा बसलेला.

मग कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचा स्टुडिओ झाला. बेडरूमच्या कोपऱ्यात तीन गाद्या उभ्या केल्या, वरून बायकोच्या माहेरची गोधडी टाकली, आत माइक आणि लेक. फ्रिज बंद, पंखे बंद, दारावरच्या बेलची वायर काढलेली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, म्हणून मी त्याचा सेल काढला. त्यामुळे वेळेशी स्पर्धा असलेल्या घरात किती वाजले हे दर दोन मिनिटांनी एकमेकांना विचारावं लागत होतं.

आणि वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं.

मी धावत वर गेलो. दार वरच्या फ्लॅटमधल्या काकांनीच उघडलं.

‘‘काका, जरा ड्रिल थांबवाल का? मुलगी गाणार आहे.’’

‘‘दहा वर्षं गातेय. मी आलो होतो का थांबवायला?’’

‘‘सिनेमासाठी आहे हो.’’

‘‘सिनेमावाल्यांकडे भिंती नाहीत?’’ त्यांनी मागे वळून सुताराकडे पाहिलं. ‘‘साडेपाचपर्यंत थांबवतो. मग तो माझंही ऐकत नाही. हा चार महिन्यांनी उगवलाय.’’

खाली आलो. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

पहिल्या खेपेला दुसऱ्याच ओळीवर शेजारच्या कुकरनं शिट्टी दिली. दुसऱ्या खेपेला भंगारवाल्याचा भोंगा इमारतीखालीच येऊन थांबला. मी चार जिने उतरून, त्याला जुना मिक्सर कबूल करून पुढच्या गल्लीत पाठवलं. तिसऱ्या खेपेला सगळं शांत होतं, पण लेकीचा आवाजच वरच्या सुरावर फाटला. गोधडी बाजूला करून ती बाहेर आली. चेहरा लाल, कपाळावर केस चिकटलेले. कोमट पाण्याचे दोन घोट घेऊन म्हणाली, ‘‘अजून एकदा होईल. त्यापुढे घसा नाही.’’

‘‘किती वाजले?’’ बायकोनं विचारलं.

‘‘पाच पंचवीस.’’

लेक आत गेली. बायको दाराशी बसली. मी पलंगाच्या कडेवर, हात मांडीखाली दाबून, श्वास मोजून घेत.

या कडव्यात वाद्यं थांबतात आणि आवाज एकटा उरतो. लेक अगदी हळू गात होती. बसलेल्या घशाची खरखर त्या ओळींना अशी चिकटली होती, की जणू मुद्दामच आणली असावी. वरचा सूर जवळ आला. तो लागला. नुसता लागला नाही, ती त्यावर थांबली, आणि मग तो हळूहळू खाली सोडू लागली.

‘‘वा!’’

खोलीत कुणीतरी मनापासून दाद दिली होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मीही शेजारी कोण आहे ते पाहिलं. शेजारी उशी होती.

चाळीस वर्षं गाण्याच्या बैठकींना पुढच्या रांगेत बसून लागलेली खोड. योग्य जागी दाद दिली नाही तर गाणाऱ्याचा अपमान होतो, अशी आमची शिकवण.

गोधडी सरकली. ‘‘बाबा,’’ लेक म्हणाली, ‘‘सत्तावीस वर्षांत तुला आजच सुचलं?’’

मला गादीच्या आत शिरावंसं वाटलं. पुन्हा गा, असं म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात वर ड्रिलही सुरू झालं.

ती हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर तिचा सूर उतरत्या रेघेसारखा दिसत होता आणि त्याच्या शेपटीवर माझा ‘वा’ गळवासारखा उठलेला. तिनं तीनदा ऐकलं. मग गळवाच्या जरा आधी शेपटी कापली आणि पाठवून दिलं. सहाला बारा मिनिटं होती.

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. त्या वेळात कुणीही घड्याळात सेल घातला नाही. शेवटी संगीतकारानं लिहिलं: शेवट असा तोडलास का?

लेकीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि टाइप केलं: मला तसाच हवा होता.

मग नुसतंच ‘टायपिंग’ दिसत राहिलं. बायकोनं माझं मनगट धरलं होतं, प्रेमानं नव्हे.

‘ठेवू या. अंगावर येतं.’

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं पहिल्याच खेळाला गेलो. गाणं सुरू झालं. वाद्यं थांबली, आवाज एकटा उरला, तशी बायकोनं माझ्या तोंडावर सरळ हात ठेवला. वरचा सूर लागला, उतरू लागला आणि मधेच तुटला. मग वाद्यं परत आली.

‘‘आई, हात काढ,’’ पलीकडून लेक कुजबुजली. ‘‘आता बोलू दे त्याला.’’

हात निघाला. पण ‘वा’ म्हणायला गेलो, तर तोंडातून नुसता खोकला आला. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘शूऽऽ! गाणं ऐकू द्या की!’’