नानांचा बसलेला आवाज

आमच्या घराण्याची एक जुनी परंपरा मी एकटीने वाचवली. मला परंपरांचं विशेष प्रेम नाही आणि वाचवायचा माझा इरादाही नव्हता, तरी वाचली. घरात त्याचं श्रेय मला कुणी देत नाही, म्हणून स्वतःच सांगते.

सुरुवात नानांपासून करावी लागेल. नाना म्हणजे माझे मोठे दीर. मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा ते घरातले एकमेव पुरोगामी. गिरणीत कामाला, युनियनमध्ये पुढे आणि सभेत बोलायला उभे राहिले की माईक बाजूला ठेवणारे. त्यांनी स्वतः त्या काळात रजिस्टर लग्न केलं होतं. सासऱ्यांना ते इतकं झोंबलं की ते कचेरीपर्यंत आले, पण आत पाऊल टाकलं नाही. समोरच्या पानाच्या गादीवर उभे राहिले. आत लेकाचं लग्न लागतंय आणि बाहेर बाप पानावर पान खातोय! ही गोष्ट नाना दर गणपतीत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "माझ्या लग्नात तोंड रंगला ता फक्त बापाशीचा!" आम्ही दर वर्षी तितकंच हसायचो.

माझ्या पहिल्याच गणपतीत, ऐन चतुर्थीच्या सकाळी मला पाळी आली. सासूबाईंनी मला बाहेर गॅलरीत बसवलं. (चाळीची गॅलरी. म्हणजे सबंध मजल्याला बातमी.) नानांनी मला पाहिलं आणि आत जाऊन आईला विचारलं, "गो आये, गणपती काय तुझ्याकडे तक्रार घेऊन इलो? उठव तिका. मोदक कोण करतला, तू?"

सासूबाईंना मोदकाच्या कळ्या पाडता येत नसत. मला येत होत्या. मी उठले. घरातली ती रीत त्या दिवशी गेली ती गेलीच. तेव्हापासून माझ्या मनात नानांची जी जागा आहे, ती त्यांच्या कुठल्याही बोलण्याने हललेली नाही. आणि पुढे ते पुष्कळ बोलले!

गिरणी गेली, चाळ गेली, माझ्या जाऊबाईही गेल्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, आमच्या शेजारचं घर नानांना मिळालं, आणि त्याच सुमारास त्यांच्या हातात फोन आला. मग सकाळी चहाला येताना ते रोज नवा संताप घेऊन यायला लागले.

"सगळे चोर! वरपासून खालपर्यंत, ह्या पक्षाचे काय आणि त्या पक्षाचे काय! आणि त्यांच्यापेक्षा वाईट ह्ये पुरोगामी. रीत बुडवल्यानी, सण बुडवल्यानी!"

"नाना, रीत बुडवायला तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. साखर घाल गो जरा."

एकदा मात्र साखर ढवळता ढवळता म्हणाले, "आमच्या गिरणीच्या जागेर आता मॉल आसा. थंय तो दरवान माका विचारता, 'काका, किससे मिलना है?' आणि घरी इलय की तुमी म्हणतास, नाना मागासलेले." मी आणखी साखर घातली.

नानांचा जीव माझ्या लेकीवर, सईवर. लहानपणी ती त्यांच्याच मांडीवर वाढली. त्यामुळे भडका उडाला तोही तिथेच. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "मी आणि निखिल रजिस्टर लग्न करतोय. कन्यादान वगैरे काही नाही. मी काय भांडं आहे, दान द्यायला?"

नानांनी हातातला बोंबील ताटात ठेवला. "ही थेरा माका चालाची नाय!"

"नाना, तुमचंही रजिस्टरच होतं ना?"

"ती क्रांती होती! ही फॅशन आसा!"

"असू दे फॅशन. साक्षीदार लागतात, आणि पहिली सही मला तुमची हवीय."

"माझी सही मिळाची नाय," म्हणून नाना उठून गेले. नानांनी अर्धा टाकलेला बोंबील मी संसारात पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. दोन्ही घरांत एकच भिंत, पण निरोप माझ्यामार्फत. "आई, नानांना सांग, त्यांची गोळी संपलीय." "शुभांगी, तिका सांग, माका दिसता." सई एका संध्याकाळी मला म्हणाली, "नाना नाही आले तर लग्न थांबवणार नाही मी. पण मग त्या दिवशी मला हसायला सांगू नकोस." तारीख गणपतीनंतरची होती. मी म्हटलं, "बघते काय करायचं ते." (हे वाक्य मी ज्या ज्या वेळी म्हटलं आहे, त्या त्या वेळी प्रकरण चिघळलं आहे.)

गणपतीच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीने नोटीस लावली: आरतीला झांजा वाजवू नयेत. नाना पेटले. त्यांनी आणि तळमजल्यावरच्या परबकाकांनी बागेत बसणारे सगळे पेन्शनर जमवून 'संस्कृती बचाव मंडळ' काढलं आणि थेट सोसायटीच्या ऑफिसवर मोर्चा नेला. आता मोर्चा म्हटलं की घोषणा हव्यात, आणि नानांना घोषणा येत होत्या त्या एकाच प्रकारच्या. संस्कृती वाचवायला निघालेला तो मोर्चा "कामगार एकजुटीचा विजय असो!" आणि "मालकशाही मुर्दाबाद!" असं गर्जत लिफ्टपासून ऑफिसपर्यंत गेला. परबकाका जन्मभर बँकेत होते. तेसुद्धा मूठ वळून "मुर्दाबाद!" म्हणत होते. सेक्रेटरी इतका भांबावला की त्याने नोटीस काढून टाकली, लाऊडस्पीकरलाही परवानगी दिली आणि वर वॉचमनचा पगारही वाढवला!

विजय मिळाला, पण नानांचा घसा बसला. मी व्यवहारी बाई. सुंठ, मिरी, लवंग, ज्येष्ठमध, जे हाताला लागलं ते उकळून काढा केला आणि समोर उभं राहून प्यायला लावला. सकाळपर्यंत उरलासुरला आवाजही गेला.

आणि सकाळी चतुर्थी!

आमच्या कोकणातल्या घरांत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात. घरातल्या मोठ्या पुरुषाने देवासमोर हात जोडून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागायचं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "होय महाराजा!" म्हणायचं. काय मागितलंय ते ऐकायची पद्धत नाही, ओरडायची आहे. मात्र एकदा देवासमोर "होय" म्हटलं की ते मागे घेता येत नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं नानांचं. लोक त्यासाठी खालच्या मजल्यांवरून येतात. त्या दिवशी तर परबकाकांसकट सबंध मंडळ आलं होतं.

नानांनी तोंड उघडलं. बाहेर नुसती हवा आली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. आमचे हे भला माणूस, पण चार माणसांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो. ते पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "बाप्पा... तुला सगळं माहीतच आहे." आणि मागे सरकले. "होय महाराजा" म्हणायलासुद्धा कुणाला फट मिळाली नाही!

"मला येतं अख्खं," सई म्हणाली.

नानांनी दोन्ही हात हलवून नकार दिला. परबकाका त्यांच्या वतीने म्हणाले, "मुलींनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, वहिनी."

"मुलगी कुठे घालतेय?" मी म्हटलं. "गाऱ्हाणं नानाच घालतील, तिच्या कानात. ती फक्त मोठ्याने बोलेल. कमिटीने लाऊडस्पीकरला परवानगी दिलीय ना? मग हा लाऊडस्पीकर समजा."

मंडळाने विचार केला. लाऊडस्पीकरविरुद्ध संस्कृतीत काही नव्हतं.

नाना तिच्या कानाशी वाकले. मी नैवेद्याचं ताट धरून अगदी शेजारी, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बा देवा महाराजा!" सईने सुरुवात केली आणि माझ्या अंगावर काटाच आला. हुबेहूब नाना! "आज तुझी जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"पोराबाळांची राखण कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

मग नाना कुजबुजले, "ह्या पुरोगामी लोकांका चांगली बुद्धी दे." सई अडखळली. मी डोळ्यांनीच म्हटलं, बोल.

"ह्या पुरोगामी लोकांका चांगली बुद्धी दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" (यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. सवय!)

"आणि जे काल पुरोगामी होते, त्यांका ती परत दे रे महाराजा!" हे तिचं स्वतःचं.

"होय महाराजा!" सगळं मंडळ गरजलं. परबकाका गरजले. खुद्द नानांचेही ओठ हलले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्याकडे डोळे वटारले आणि पुन्हा कानाशी लागले.

"जी पोरा मोठ्यांचा आयकनत नाय, त्यांका वठणीर आण रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि जे मोठे पोरांका विचारीनत नाय, त्यांका पण आण रे महाराजा!"

"होय महाराजा!"

नानांनी तिला कोपराने ढोसलं. तिने मान जरासुद्धा वळवली नाही. पुढची मागणी त्यांनी माझ्याकडे बघत सांगितली.

"आणि ही आमची शुभांगी, जी माणसाक काढे पाजून मुको करता, तिच्या हातातलो टोप काढून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" मीच ओरडले. तेव्हापासून मला घरात कुणी काढा करू देत नाही. देवासमोर कबूल केलंय ना!

यानंतर नाना थांबले. मंडळी तोंडात "होय" तयार ठेवून ताटकळली. मग ते वाकले आणि जे बोलले ते फक्त मला आणि सईला ऐकू आलं.

"मांडवात माझी जागा माका ठाऊक आसा गो. कन्यादानाक मी बापाशीच्या बाजूक उभो रवलय असतय. त्या कचेरीत मी खय उभो रवू? तुमी सगळी शिकलेली, सह्या करून मोकळी होतलास. माका... पानाच्या गादीर उभो करू नको."

इतकी वर्षं ज्या गोष्टीवर आम्ही हसलो, ती गोष्ट ही होती तर. माझं ताटाकडे लक्ष राहिलं नाही आणि एक मोदक घरंगळला.

लाऊडस्पीकरच बंद पडला. मागून आमच्या ह्यांनी, जन्मात पहिल्यांदा पुढाकार घेऊन, हळूच विचारलं, "होय महाराजा...?"

सईने डोळे पुसले, हात पुन्हा जोडले.

"बा देवा महाराजा! माझे नाना माझ्या बाजूक उभे रवतले. पहिली सही त्यांची. त्यांच्या सहीशिवाय माझा लगीन लागाचा नाय रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले आणि त्या ओरड्यात एक घोगरा, फाटका, पण स्पष्ट आवाज होता. नानांचा! (हा काढ्याचा गुण. मी आजही यावर ठाम आहे.)

परबकाकांनी विचारलं, "म्हणजे नाना, रजिस्टर लग्नाला आपल्या मंडळाची मंजुरी समजायची का?"

"देवासमोर होय म्हटलात मा?" नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मग आता गप मोदक खावा." आणि सईला म्हणाले, "पण विडो होयो. देवाच्या नावान विडो मांडल्याशिवाय मी सही करूचो नाय. तेवढी रीत रवांदे."

"राहू दे," सई म्हणाली, "तेवढी चालेल."

लग्नाचा सगळा बंदोबस्त माझ्याकडे. कागद कोणाजवळ, हार कोणाजवळ, पेढे कोणाजवळ, मी सगळ्यांना कामं वाटून दिली होती. कचेरी तीच, नानांच्या वेळची. शिपाई म्हणाला, "वेळ आहे अजून, बसा." नाना नव्या सदऱ्यात सईच्या शेजारी उभे होते. (बसायला तयारच नव्हते.) त्यांनी मला हळूच विचारलं, "विडो खय आसा?"

विड्याचं काम मी कुणालाच दिलं नव्हतं!

धावत जिना उतरले. समोर पानाची गादी, तीसुद्धा तीच. बसलेला तेवढा जुन्या पानवाल्याचा नातू. त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग. मी म्हटलं, "दोन पानं आणि एक सुपारी दे पटकन, लग्न आहे." तो म्हणाला, "काकी, लगीन हाय मग चांगली पानं निवडून देतो की! तोवर हे घ्या, गोड मसाला पान." उभं राहून नुसतं काय करायचं, म्हणून मी ते तोंडात टाकलं.

वर आले तेव्हा पेढे वाटून झाले होते. नंबर आधीच लागला होता. विड्याचं काय केलंत, असं मी विचारलं, तर नाना चष्मा पुसत म्हणाले, "पोरीचो नंबर इलो. विड्यासाठी थांबाक मी काय जुन्या विचारांचो?" पहिली सही त्यांची होती, मोठ्या, वळणदार अक्षरात, दुसऱ्याच्या रकान्यात थोडी घुसलेली.

मग सगळ्यांनी एकदम माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते लालभडक होतं.

तर मुद्दा एवढाच. आमच्या घरात रजिस्टर लग्न लागत असताना वडीलधाऱ्यांपैकी एकाने समोरच्या गादीवर उभं राहून पान खायची रीत आहे. सई आणि नाना मिळून ती मोडायला निघाले होते. मी मोडू दिली नाही.