रवळू फोटोवाल्यानं पुसलेली तीट

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. पण आता अख्खं मच्छे गाव त्या नावानं बोटं मोडतंय, तर मी एकटीनं न घेऊन काय हुतंय? रवळू. रवळू फोटोवाला. अनगोळात आमचं दुकान हाय, म्होरं स्टुडिओ आणि मागं घर. मूळचे जांबोटीकडले, पण बेळगावात येऊन आता केस पिकले.

त्यांचं काम इचाराल तर पुसायचं. फोटो कुणीबी काढतंय हो, हल्ली मोबाईल सगळ्यांकडं हाय. पण नवरीच्या हनुवटीवरचा फोड, सासऱ्याच्या सदऱ्यावर सांडलेला रस्सा, जुन्या फोटोच्या कोपऱ्यातली ती नारंगी तारीख, हे घालवायचं तर माणसं आमच्याकडं येत्यात. आमचे मालक फोटो कंप्युटरवर हा एवढा मोठा करत्यात आणि नको ते हुडकत बसत्यात. पुसायचं म्हंजे रबरानं खोडायचं न्हवं. शेजारची चांगली कातडी उचलायची, डागावर बसवायची, आणि कड दिसू नये म्हणून हळूहळू घासत ऱ्हायचं. मला एकदा दाखवलं तर मी म्हटलं, हे गोधडीला ठिगळ लावल्यागत हाय. तर म्हणाले, व्हय, पण ठिगळ दिसलं की काम गेलं.

माणूस गरीब, पण बूड म्हणून टेकत न्हाय. बसले तर पाय हालतोय. जेवता जेवता उठून म्होरं जात्यात, माऊस हलवून येत्यात, परत भाकरी मोडत्यात. एखादा फोटो मनाजोगता झाला न्हाय की माझ्याशी बोलताना माझ्या तोंडावरच काहीतरी हुडकल्यागत बघत ऱ्हात्यात. मी म्हणते, अवो, माझ्या गालावरचं वांग ऱ्हाऊ द्या, ते तुमच्या संसारानं दिलेलं हाय.

तर मच्छ्याच्या रविराजचं पोरगं, आदर्श. पहिला वाढदिवस हुता. रविराज तिथंच कारखान्यात कामाला जातोय, त्याची बायको रचना आमच्या जांबोटीची लेक. पहिल्या खेपेला तिचं पोटातच गेलतं, त्यावरनं सासूनं, मालुबाईनं, तिला लई बोल लावलं. हे दुसरं पोर झालं तेव्हा कुठं घरात जरा हसू आलं. त्यामुळं वाढदिवस म्हणल्यावर गावात मोठा फ्लेक्स लावायचं ठरलं. नवराबायको पोराला घेऊन आमच्या दुकानात आले, सासू आली न्हवती. मालकांनी फोटो काढला. मी त्यावेळी बाजारात गेलती.

फोटो असा साफ केला म्हणता, पोर नुसतं लोण्याचं. ओठावरची लाळ घालवली, कपाळावर डास चावलेला लाल ठिपका घालवला. फ्लेक्स लागला, येणारंजाणारं माणूस मान वर करून बघाय लागलं. आणि दुसऱ्या दिवशी पोराला असा ताप चढला की डोळं फिरवलं. उचलून बेळगावात दवाखान्यात आणलं.

हे आम्हाला कळलं ते रविराज दुकानात आला तेव्हा. दाढी वाढलेली, अंगावर कारखान्याचा शर्ट तसाच. डॉक्टर काय म्हणाला, तर रक्तात ताप हाय, औषध चालू केलंय, उतरंल. पण आई ऐकत न्हाय, म्हणाला. फ्लेक्सवर पोराच्या गालाला तीट न्हाय, सगळ्या गावाची नजर पडली, हिनं तीट लावलीच न्हाय, पहिलं घालवलं आणि आता हे घालवाय निघाल्या, असं सगळ्या वॉर्डासमोर बोलत्या. रचनाला पोराला हात लावू देत न्हाय. घरी गेल्यावर पोर ठिवून घेतो, तू जा जांबोटीला, म्हणाली.

"आणि रचना काय म्हणत्या?" मालकांनी इचारलं.

"तिला आठवत न्हाय, अण्णा. लावली असंल म्हणत्या, न्हाय म्हणत्या, परत रडत्या. मलाबी आठवत न्हाय, मी खुळखुळा वाजवत हुतो." मग खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, "तुम्ही सगळंच पुसता न्हवं? तीटबी पुसली असंल. तुमच्याकडं पहिला फोटो असणार. छापून आणून आईला दाखवा. ती मोबाईलवरलं काय मानत न्हाय."

मालकांनी हात खांद्यावर ठिवला त्याच्या. जा तू, घेऊन येतो म्हणाले. त्यो गेला आणि ह्यांनी कंप्युटर उघडला.

मी मागं उभी हुती. पहिला फोटो आला पडद्यावर, कॅमेऱ्यातला, जसाच्या तसा. लाळ हुती. डास चावलेला हुता. कानाला पावडर लागलेली हुती. तीट न्हवती. उजव्या गालावर न्हाय, डाव्या न्हाय, कपाळावर न्हाय, हनुवटीखाली न्हाय. मालकांनी झूम करून करून गालाचं बारीक केसबी बघितलं. काजळाचा कणबी न्हवता.

"लावली न्हाय पोरीनं," मी म्हटलं. "घाईत विसरली असंल. एकटी बाई काय काय बघंल."

मालक उठले. दारापर्यंत गेले, माघारी आले, बसले, परत उठले. दुकानात एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोला आलं हुतं, त्याला म्हणाले, उद्या या. म्हंजे बघा.

"अवो, आपल्याला काय करायचं हाय? हाय ते दाखवायचं. न्हाय म्हणायचं आणि मोकळं व्हायचं," मी म्हटलं.

"न्हाय म्हटलं की संपली ती," म्हणाले. "तापाचं औषध डॉक्टर देतोय. तिचं औषध कोण देणार?"

मला कळलं मनात काय हाय ते. मला राग आला. इकत घेतलेलं दुखणं ह्यालाच म्हणत्यात. मी म्हटलं, तुम्ही खोटी तीट काढणार, आणि मी पुसली म्हणून सांगणार, आणि उद्या गावात कोण लेकराचा फोटो देणार तुमच्याकडं? खाई त्याला खवखवे म्हणत्यात, हितं खाल्लं न्हाय त्यालाच खवखव सुटल्या. बोलून बोलून माझं तोंड दुखलं. मालक ऐकत हुते, आणि पाय हालत हुता.

मग त्यांनी काढली. जन्मभर घालवायचं काम केलेला माणूस, लावायला बसला तर हात वळंना. पहिली तीट काढली ती अशी गोल, गुळगुळीत, शर्टाच्या बटणागत. मला एवढ्या रागातबी हसू आलं.

"अशी कोण लावतंय?" म्हटलं. "आई काय कंपास घेऊन बसत्या व्हय?"

"मग कशी लावत्यात?"

मी आत गेले, काजळाची डबी आणली. बोटाला काजळ घेतलं आणि त्यांच्या गालाला लावलं, पांढऱ्या दाढीच्या खुटांत. म्हटलं, पोर गप बसत न्हाय, मान फिरवतंय, बोट घसरतंय. ठिपका एका बाजूला दाट आणि कानाकडं पसरलेला असतोय. वर पोर हातानं चोळतंय, मग त्याचं शेपूट हुतंय. मालकांनी आरशात बघितलं, पडद्यावर बघितलं, परत आरशात बघितलं. मी सांगत गेले आणि ते करत गेले. जरा फिकी करा, दूध पिऊन घाम आलेला असतोय. हां, आता कड मोडा. शेवटी पडद्यावर जे आलं ते खरंच एखाद्या आईनं लावल्यागत दिसत हुतं.

दवाखान्यात मी संगं गेले. एकट्याला त्या बाईच्या तोंडी द्यायचं जिवावर आलं. वॉर्डात मालुबाई पोराच्या उशाला बसलेली, डोक्यावरचा पदर घट्ट. हातात सलाईन लावलेलं पोर झोपलेलं. आणि रचना पार खिडकीपाशी, जमिनीवर, पोराकडं बघत. नर्सबाई येऊन कन्नडमधनं आईला बोलवा म्हणाली, पाजायला पायजे, तर मालुबाई म्हणाली, पावडरचं दूध घालतो आम्ही.

मालकांनी फोटो म्होरं धरला. "मालुबाई, तीट हुती. ही बघा. मी पुसली. डाग समजून पुसली."

बाईनं फोटो हातात घेतला. खिडकीच्या उजेडात नेला, जवळ घेतला, लांब धरला. नखानं तीट खरवडून बघितली. रचना उठून उभी ऱ्हायलेली, तिचं डोळं त्या कागदावरनं हालत न्हवतं.

आणि मग मालुबाई जी सुटली. "कुणी सांगितलतं रं तुला? आईनं लावलेली तीट तुला घाण दिसली? हात कसं झडलं न्हाईत तुझं? पोटाला पोर हाय का न्हाय तुझ्या?" सगळा वॉर्ड गोळा झाला. रविराज गप करायला बघतोय, तर त्यालाबी शिव्या. आमची लेक नांदाय गेल्या, दोन नातवंडं हायत, हे मी सांगणार हुते, पण मालकांनी माझा हात दाबला. मान खाली घालून ऐकत ऱ्हायले. एवढा वेळ एका जागी उभं ऱ्हायलेला त्यो माणूस मी लग्नात सुद्धा बघितला न्हवता.

थकली तेव्हा मालुबाई स्टुलावर बसली. फोटो पदराखाली ठिवला. रचनाकडं न बघताच म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? घे त्याला. पाज."

त्या पोरीनं पोराला कसं उचललं ते मी सांगू शकत न्हाय. आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, झालं, सुटलो.

कसलं सुटतोय. दोन दिवसात ताप उतरला, पोर घरी गेलं, आणि मालुबाईनं मच्छ्यात घरोघर जाऊन सांगितलं की अनगोळचा रवळू पोरांच्या तिटा पुसतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिथनं ते अनगोळात आलं. बारशाचं एक काम ठरलेलं, ते गेलं. नेहमीची गिऱ्हाईकं लेकरं घेऊन दारावरनं पुढं जाऊ लागली. एक म्हातारी तर आमच्या दुकानापुढं आल्यावर नातवाचं तोंड पदरात झाकून गेली, माझ्या डोळ्यादेखत. मी मालकांना म्हटलं, बघा, झाला का उपकार? मालक माऊस फिरवत ऱ्हायले. काम न्हाय तर जुनेच फोटो काढून पुसत बसायचे. रात्रंदिवस घरात नुसती येरझार.

माझी एकच आशा हुती. म्हटलं, एक दिवस ती पोरगी येईल. तीट लावलीच न्हवती हे तिला तरी मनात ठाऊक असणार. ती येऊन ह्यांच्या पाया पडंल, दोन शब्द बोलंल, म्हंजे माझ्या मनाची आग शांत हुईल.

आणि ती आली. परवाच्या बाजारादिवशी, एकटीच, पोर कडेवर. अंग भरलेलं, तोंडावर तेज आलेलं. पोराच्या गालावर ही एवढी तीट. मी म्हटलं, ये गं बाई, बस, चहा ठिवते.

बसली न्हाय. मालकांच्या टेबलापुढं उभी ऱ्हायली.

"अण्णा, तुम्ही आमच्या गावचे," म्हणाली. "म्हणून तवा कायबी बोलले न्हाय. पण मनात राहतंय म्हणून आले. मी एवढ्या मायेनं लावलेली तीट तुम्हाला डाग कशी वाटली?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच.

"मला आधी आठवत न्हवतं," ती सांगाय लागली. "आत्यानी, ह्यांच्या आईनी, डोक्याचा भुगा केलता. मग तुमचा फोटो बघितला आणि सगळं डोळ्यापुढं आलं. दारात बसले हुते, हे गाडी चालू करत हुते. ह्या आदर्शनं मान फिरवली आणि बोट कानाकडं घसरलं. पुसून परत लावावी म्हटलं, तर हे हॉर्न वाजवाय लागले, म्हणून तशीच ठिवली." पोराच्या गालावरनं तिनं हात फिरवला. "तवापासनं मला झोप लागाय लागली. मी विसरले न्हवते."

तिच्या डोळ्यांत खोटं न्हवतं. मी बाई हाय, मला कळतं. जी तीट मी बोलून बोलून काढून घेतली, ती तिला तिच्या दारातली आठवत हुती. माझ्या ओठापर्यंत आलं सगळं. बाई गं, ते बोट तुझं न्हवतं, माझं हुतं, ह्या माणसाच्या गालावर. मी तोंड उघडलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं.

मग उठले. तिच्यापुढं हात जोडले.

"चुकलं माझं, पोरी," म्हणाले. "मोठी चूक झाली. परत कुणाच्या लेकराची न्हाय पुसणार."

रचनाचं डोळं भरून आलं. मोठ्या मनानं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अण्णा. मी तुम्हाला माफ केलं."