चेअरमनसाहेबांची बर्फावरची हॉकी

१९९४च्या ऑगस्टमधला पहिला रविवार. रक्कम चार हजार सिंगापूर डॉलर. हजर: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि चेअरमनसाहेब. जागा, बिशानमधल्या आमच्या फ्लॅटमधले जेवणाचे टेबल. मेहुण्याची चार वर्षांची मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. ती सोडली तर व्यवहार काय चालला आहे हे सर्वांनी ऐकले, आणि तो मूर्खपणाचा आहे असे एकालाही म्हणता आले नाही.

चेअरमनसाहेब म्हणजे आमच्यातलेच एक गृहस्थ. पुण्याचे. आधी विमा विकत. मराठी अशी स्वच्छ की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. पोह्यांना दुसऱ्यांदा 'नको' म्हणाले आणि तिसऱ्यांदा घेतले. "आपला माणूस आहे," असे बायको स्वयंपाकघरात कुजबुजली. परदेशात या दोन शब्दांना जेवढी किंमत मोजावी लागते तेवढी घरभाड्यालाही लागत नाही.

त्यांनी आइस हॉकीची व्यावसायिक टीम काढली होती. सिंगापुरात. जिथे बारा महिने शर्ट पाठीला चिकटतो, तिथे. शहरात बर्फाचा एक हॉल होता, तोही पूर्ण मापाचा नव्हे. शनिवारी पोरे तिथे कठड्याला धरून घसरायला शिकत. तो हॉल हे भाड्याने घेणार, परदेशातून खेळाडू आणणार, तिकिटे लावणार. बर्फ सांभाळायला त्यांना माणूस हवा होता, आणि माझा मेहुणा जहाजावर शीतयंत्रांचा इंजिनिअर होता. ते नोकरी देणार, इथे राहून काम करायचा सरकारी पास काढून देणार. अट एवढीच, की प्रत्येक कर्मचाऱ्याने चार हजारांचा 'सहभाग' घ्यायचा.

"सहभाग म्हणजे शेअर का?" मी विचारले.

"शेअर हा कोरडा शब्द आहे हो," चेअरमन म्हणाले. "ही घरची टीम आहे."

मेहुण्याकडे चार हजार नव्हते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मेहुण्याची बायको म्हणाली, "भावोजी, मला डॉलरचं काही नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, यांनी मुलीचा एक वाढदिवस पाहिलाय. हे रात्री घरी जेवायला हवेत, बस." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पुन्हा जहाजावर गेलात तर मी माहेरी जाईन, आणि ती सुट्टी नसेल."

हे ऐकल्यावर मी चेक लिहिला.

चेअरमनांनी मग एक गुळगुळीत पुस्तिका दिली. तीत टीमचा इतिहास होता. तेहतीस वर्षांची परंपरा असे पहिल्याच पानावर. मी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. माझ्या ओळखीत तसे करणारा मीच एकटा. टीम उत्तरेकडच्या एका थंड देशात, कागदाच्या गिरणीच्या गावात निघाली. गिरणी बंद पडली तशी टीम दुसऱ्या गावी गेली, तिथून तिसऱ्या, तिथून चौथ्या. प्रत्येक गावात नवे नाव, नवा मालक आणि सात-आठ वर्षांत नवे दिवाळे. तेहतीस वर्षांत करंडक एकदाच मिळाला, आणि त्या वर्षी लीगमध्ये चार टीम होत्या, त्यातली एक मध्येच बंद पडली. चेअरमनांनी जे विकत घेतले होते ते म्हणजे अस्वलाचे एक चिन्ह, नाव वापरायचा हक्क आणि जुन्या जर्सींची दोन खोकी. परंपरा खोक्यांत भरून जहाजाने येते हे मला माहीत नव्हते. मी जन्मभर बंदरात काम केले, पण असा माल उतरवून घेतला नव्हता.

खेळाडूंचा हिशेबही करून पाहिला. पगारी फक्त तिघे. त्यांतला गोलकीपर चाळिशीचा, एक गुडघा पट्ट्याने बांधलेला. बाकीचे इथल्या बँकांत नोकऱ्या करणारे गोरे, जे खेळायचे पैसे उलट स्वतःच भरत होते. हिला व्यावसायिक टीम म्हणायचे तर आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाला व्यावसायिक रंगभूमी म्हणायला हवे. त्या नाटकात निदान पडदा वेळेवर वर जात असे.

पण मेहुणा खूश होता. यिशुनमध्ये त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या, मुलीला जवळच्या बालवाडीत घातले, आणि संध्याकाळी सात वाजता घरी येऊ लागला. त्याची बायको फोनवर माझ्या बायकोला सांगे, "ताई, आज आम्ही तिघं बाजारात जाऊन भाजी आणली." भाजी आणली हे सांगायला कोणी फोन करते का? ती करायची.

उद्घाटनाचा सामना नोव्हेंबरात होता. गोऱ्या प्रशिक्षकाने मेहुण्याला एवढेच सांगितले, की बर्फ कडक हवा, वेगवान हवा. आता जहाजावरच्या माणसाला कडक बर्फ म्हणजे काय वाटणार? बारा वर्षे त्याने गोठवलेले मांस वाहून नेले. तिथे उणे अठराच्या वर पारा चढला की मालवाला नुकसानभरपाई मागतो. थंड तितके चांगले, हे त्याच्या हाडात मुरलेले. त्याने तीन दिवस यंत्र जीव जाईल इतके चालवले. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. मीही त्याच धंद्यातला. खेळाच्या बर्फाला फार तर उणे पाच-सहा लागतात, त्याखाली तो काचेसारखा ठिसूळ होतो, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. प्रशिक्षकाला ठाऊक होते. पण आकडा सांगणे त्याच्या शानीत बसत नसावे.

आमच्यातली चाळीसेक कुटुंबे आली होती. फुकट पास होते. बायका पैठण्यांवर भाड्याची जाकिटे घालून बसल्या होत्या. आणि चेअरमनसाहेबांनी, पाहुण्यांचे स्वागत भव्य दिसावे, फोटो चांगले यावेत म्हणून हॉलचे मोठे दरवाजे सताड उघडे ठेवायला लावले. बाहेर पाऊस पडून गेलेला, हवा ओल्या फडक्यासारखी. ती हवा त्या बर्फावर आली, आणि दहा मिनिटांत मैदानावर धुके उभे राहिले. आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत.

"अहो, तो चेंडू कुठाय?" मागच्या ओळीतल्या एका काकूंनी विचारले.

"चेंडू नसतो काकू, चकती असते."

"मग ती कुठाय?"

"ती त्यांनाही दिसत नाहीये."

माझ्या बायकोने जाकिटाची चेन वर ओढली. "ढगात मारामारी चाललीये नुसती. पौराणिक नाटक म्हणून दाखवलं असतं तर लोकांनी नमस्कार तरी केला असता."

मेहुण्याची मुलगी खुर्चीवर उभी राहून बालवाडीतल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, कॅनॉट सी लाह!" आसपासचे सगळे हसले. तिची आई हसली नाही.

धुक्याखाली बर्फाचे टवके उडत होते. एकेक खेळाडू आपटत होता. गोलकीपर आपल्या जागेवरच बसला तो उठेना. पहिला भाग संपायच्या आत सामना थांबवला. चेअरमनांनी माइक घेतला आणि शुद्ध मराठीत नव्हे, इंग्रजीत सांगितले, की यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या चुकीबद्दल टीम दिलगीर आहे. उघड्या दरवाजांबद्दल कोणी दिलगीर नव्हते.

पुढच्या पंधरवड्यात तिघे पगारी खेळाडू परत गेले, हॉलमालकाने भाड्यासाठी कुलूप लावले आणि तेहतीस वर्षांची परंपरा पाचव्यांदा बुडाली. मेहुण्याचा पास चेअरमनांनी रद्द करवला. आता महिन्याभरात देश सोडायचा होता. जहाजाच्या एजंटाने लगेच फोन केला, कारण चांगला शीतयंत्रवाला त्यांना नेहमीच हवा असतो. दुसरीकडे नाशिकजवळ द्राक्षांच्या शीतगृहात एक जागा होती. पगार जहाजाच्या चौथ्या हिश्शाहून कमी. मेहुणा म्हणाला, "तिकिटांनाही पैसे नाहीत. एजंट माझं तिकीट देतोय, आगाऊ पगारही देतोय, त्यात तुझं आणि पोरीचं भागेल." त्याच्या बायकोने कपाटावरून स्वतःची बॅग काढून अंथरुणावर ठेवली.

मी तिकिटांचे पैसे देऊ केले. ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही एकदा दिलेत. ते ज्याने घेतलेत त्याच्याकडूनच आणायचे."

मी चेअरमनांना दोन पत्रे लिहिली होती. उत्तर आले, की सहभागात जोखीम असतेच.

त्याच आठवड्यात चेअरमनसाहेबांनी मरीन परेडच्या त्यांच्या काँडोत सत्यनारायण घातला. नव्या धंद्यासाठी, आता ते पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणार होते. आमंत्रण आम्हालाही होते, कारण तोंड चुकवावे एवढीही लाज त्यांना वाटत नव्हती. मेहुण्याची बायको म्हणाली, मी येते. मुलीला परकर-पोलके घालून ती आमच्याबरोबर आली, पुढे बसली, सगळी कथा ऐकली. आमची अर्धी मंडळी जहाजांवरची. व्यापाऱ्याची मुलगी प्रसाद न घेता धावल्यामुळे तिच्या नवऱ्याचे जहाज बुडाले तो भाग आला की त्यांचे हात आपोआप जोडले जातात.

आरती झाली. चेअरमनांच्या पत्नी द्रोण वाटत आल्या. मेहुण्याच्या बायकोपुढे द्रोण धरला तर तिने हात पुढे केला नाही.

"घे ना गं."

"घेईन. आधी आमचे चार हजार मिटू देत."

आवाज चढलेला नव्हता. तरी चेअरमन लगबगीने पुढे आले. "वहिनी, हा विषय इथं कशाला? ऑफिसात बोलू."

"ऑफिसला कुलूप आहे."

"निदान देवासमोर तरी—"

"म्हणूनच इथं बसलेय. मी प्रसाद न घेता उठून जाऊ का, तेवढं सांगा."

कोपऱ्यातून एक निवृत्त कप्तान म्हणाला, "तसं जाऊ देऊ नका हो. माझा पोरगा सध्या समुद्रावर आहे." हे तो थट्टेने म्हणाला नाही.

चेअरमनांच्या पत्नीने द्रोण खाली ठेवला, नवऱ्याकडे असे पाहिले की मला त्यांच्याविषयी प्रथमच आदर वाटला, आणि त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात नोटा होत्या. "घरात एवढेच आहेत. सतराशे."

मेहुण्याच्या बायकोने ते घेतले, कपाळाला लावले नाहीत, पर्समध्ये ठेवले. मग दोन्ही हातांनी प्रसाद घेतला, मुलीला भरवला, स्वतः खाल्ला. चेअरमन सर्वांना सांगत होते, की टीम हा एक सांस्कृतिक प्रयोग होता.

मंगळवारी मी त्या दोघांबरोबर लिटिल इंडियातल्या ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. मेहुणा जहाजाच्या एजंटाला नकार कळवून आला होता. मोठ्यांची दोन आणि मुलीचे एक, मुंबईची एकेरी तिकिटे. एजंटाला दिले सोळाशे पन्नास डॉलर, रोख. उरलेले पन्नास मेहुण्याच्या बायकोने माझ्या हातावर ठेवले.