तीन मिनिटांत शंभर फेरे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. हे मी सांगते, लपवत नाही. बाबा चौथी शिकलेले, उकव्याच्या मँगनीज खाणीत त्यांचा जन्म गेला. पण तिथल्या वस्तीत ज्याच्या घरी रेकॉर्ड रडायला लागे, म्हणजे गाणारा माणूस ओढल्यासारखा गाऊ लागे, तो बाबांना बोलवायला येई.

बाबांची रीत साधी होती. रेकॉर्डच्या काठावर कागदाची चिठ्ठी चिकटवायची, मनगटावरचं घड्याळ समोर ठेवायचं आणि चिठ्ठी समोरून गेली की एक, दोन, तीन. मोठी रेकॉर्ड तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे फिरली पाहिजे. कमी भरले तर मशीनच्या पोटातला स्क्रू थोडा इकडे, जास्त भरले तर थोडा तिकडे. मग पुन्हा मोजणी. मोजताना ओठ हलायचे आणि घरात कोणी बोलायचं नाही.

आई गेल्यावर मी त्यांना बालाघाटला माझ्याकडे आणलं. सोबत सेलवर चालणारी त्यांची मशीन आली आणि एका गाणाऱ्या बाईची जुनी रेकॉर्ड. विहारातल्या लोकांना ती गाणी कार्यक्रमासाठी मोबाइलमध्ये भरून हवी होती. मी म्हटलं, भरायची तर शास्त्रशुद्ध भरू. नेटवरून एक गोल नक्षी छापून आणली, काठाला बारीक काळे पट्टे असलेली. ती रेकॉर्डवर ठेवायची आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पाहायची. ट्यूबचा उजेड डोळ्याला कळत नाही इतक्या भरभर लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर त्या उजेडात पट्टे जागच्या जागी थांबलेले दिसतात. मशीन हळू असेल तर ते मागे सरकतात.

संध्याकाळी लाइट गेली होती, घर इन्व्हर्टरवर होतं. खोलीतल्या एलईडीखाली काहीच दिसेना, म्हणून मशीन स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्यूबखाली नेली. पट्टे सरळ मागे पळत होते.

"बाबा, मशीन हळू हाये तुमची."

"नाही वं माय. परवाच मोजलं. शंभर भरले."

"पट्टे खोटं बोलते काय मंग?"

बाबांनी चिठ्ठी लावली, घड्याळ घेतलं आणि माझ्यासमोर मोजलं. "शंभर," ते म्हणाले आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. तीन मिनिटं झाली होती.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मधात कुठं दोनदा मोजलं असन तुम्ही. मोठ्या बाबाचं बी असंच सुरू झालतं."

मोठे बाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. आधी त्यांचा हिशेब चुकायला लागला, मग नावं गेली, आणि शेवटी बिरशाच्या बाजारात ते स्वतःच्या घराची वाट विचारत फिरत होते. बाबांनीच त्यांना हाताला धरून आणलं होतं. या एका गोष्टीला बाबा भीत, आणि हे मला ठाऊक होतं.

मी स्क्रू फिरवला. पट्टे थांबले. रेकॉर्ड लावली तर बाईचा आवाज बारीक झालेला.

"घाईत गाऊन राह्यली ते," बाबा म्हणाले.

"तुमच्या कानाले हळूची सवय लागली."

त्यांनी परत मोजलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. हळूहळू ते मलाच विचारू लागले. गोळी घेतली काय मी? दाराची कडी लावली काय? लामत्याला बहिणीकडे एकटे बसने जायचे, ते बंद झालं. "उतरायचं गाव चुकलं तं?" डॉक्टर म्हणाले, वयानुसार थोडंफार होतं. असेलही. खरंच आजार होता की माझ्या त्या वाक्याने तो आणला, हे आजही मला सांगता येत नाही.

वर्षभराने इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला मेकॅनिक आला. त्याने मीटर लावला आणि हसला. "मॅडम, पचास की जगह तिरपन दे रहा है. पंखा भिनभिनाता होगा ना?"

ते पट्टे सेकंदाला पन्नास हेलकावे घेणाऱ्या सरकारी विजेसाठी आखलेले. इन्व्हर्टरवर उजेड जास्त भरभर लुकलुकत होता, म्हणून बरोबर चालणारी मशीन मला हळू दिसली. हे बारावीच्या पोरीलाही सुचायला हवं होतं, आणि मी तर पदवीवाली.

बाबा खाटेवर बसले होते. "बाबा, चूक माही होती. मशीन बरोबर होती. तुमचे शंभर बरोबर होते."

"हौ काय?"

"हौ."

"तू शिकेल हायेस. तू म्हणते तं असन."

मला हे नको होतं. माझ्या म्हणण्यावरून नको होतं. मी मशीन काढली. लाइट होती, ट्यूबच्या उजेडात पट्टे पाहून स्क्रू परत जागेवर आणला. चिठ्ठी लावली, घड्याळ त्यांच्या हातात दिलं. "मोजा."

ओठ हलू लागले. मी त्यांच्याकडेच पाहत होते. मध्येच ते थांबले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"चाळीसच झाले ना वं?"

मी मोजतच नव्हते. "हौ, चाळीस," मी म्हणाले. ते एकेचाळीसपासून पुढे निघाले, पण तेवढ्यात चिठ्ठी दोन-तीनदा समोरून निघून गेली होती. तीन मिनिटं झाली तेव्हा ते सत्त्याण्णववर होते.

"पाह्य," ते म्हणाले. "चुकलो."

"मधात थांबले तुम्ही बाबा, म्हणून."

"थांबलो म्हणजे चुकलोच ना, माय." त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि रेकॉर्डवरची चिठ्ठी नखाने हळूहळू काढू लागले.