दोन कपांची किटली

समोरचे अप्पा एका मंगळवारी गेले. सकाळी दूध घेतलं, पेपर वाचला, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

दुपार कलली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडायचं आणि हाक यायची, "या की सर, दुसरा कप वाया चाललाय!" तुमच्याही शेजारी असं कुणी असेल, ज्याच्या हाकेवर दिवस कळतो.

जुळे सोलापुरात आमची दारं समोरासमोर. ते चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते, मी शाळेत मास्तर. दोघंही निवृत्त. त्यांच्या पत्नीला सगळी सोसायटी अक्का म्हणायची. साठी उलटल्यावर अक्का मातीकामाच्या वर्गाला जाऊ लागल्या आणि एक दिवस चहाची किटली घेऊन आल्या. तांबूस रंग, मुठीवर वेल, पोटावर मोर. मोराची मान जरा आखूड झाली होती.

"कोंबडी लई छान जमलीय," अप्पा म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याशी दोन दिवस भांडण केलं, तेही कानडीतून. मराठी त्या बाहेरच्यांसाठी राखून ठेवत.

किटलीला आणखी एक खोड होती. तोटीचं तोंड खाली झालं होतं. अर्ध्याच्या वर भरली की चहा आपणहून तोटीतून बाहेर यायचा. एवढं मोठं पोट, पण मावायचे दोनच कप. "मग पाव्हणे आले तर?" मी एकदा विचारलं. "पाव्हण्यांना पातेलं हाय की," अक्का म्हणाल्या आणि किटली टीव्हीच्या कपाटावर शोभेला ठेवून दिली.

पुढच्या वर्षी अक्का गेल्या. दहा-पंधरा दिवसांनी अप्पांनी किटली खाली उतरवली, धुतली आणि वापरायला काढली.

आपल्याकडे चहा पातेल्यात दूध-साखर घालून उकळायचा आणि गाळणीनं थेट कपात गाळायचा. अप्पा तो आधी किटलीत गाळायचे, अक्कांच्या कानडीत "साक, साक", म्हणजे पुरे, पुरे, असं स्वतःलाच बजावत अर्ध्यावर हात आवरायचे आणि मग कपात ओतायचे. तेवढ्यात चहा निवायचा.

"थेट कपातच का नाही गाळत?" मी म्हणालो.

"पातेल्यात एकट्याचा चहा होतो, सर. हिच्यात एकच कप टाकला तर तळाला बसतो, तोटीतनं नुसती वाफ येते. हिला दोन लागतातच." मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "ह्यो मोर बघा. कसा ऐटीत हाय."

"मोर?" मी हसून विचारलं.

"मोरच की," ते म्हणाले. "आता वाद घालायला कोण हाय?"

पहिल्या पुण्यस्मरणाला मुलगी पुण्याहून आली. वडिलांना मातीची किटली नळाखाली खडखडा विसळताना पाहून ती घाबरलीच.

"अप्पा, आईच्या हातची एवढी एकच वस्तू आहे. फुटली म्हणजे?"

"फुटंल तवा फुटंल. तुझी आई काय काचेमागं बसणारी होती का?"

"तुम्हाला काही नाही हो, मला हवी आहे ती!" असं म्हणून तिनं किटली काचेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून पुण्याला गेली. तिचंही चूक नव्हतं. आईची वस्तू ती आपल्या परीनं जपत होती.

त्या दिवसापासून हाक बंद झाली. चार-सहा दिवसांनी मीच गेलो. ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानं चहा पीत होते.

"बोलावलं नाहीत?" मी म्हणालो.

"पातेल्यातला चहा मापात होतो, सर. उरत न्हाय." त्यानंतर जिन्यात भेटले तरी मान हलवून जायचे. फोनवर मुलीशीही "हं", "बरं" एवढंच.

मे महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा माझ्या दारात उभी राहिली. "काका, अप्पा असे का झालेत? डॉक्टरना दाखवू का?"

"आधी किटली काढून बघा," मी म्हणालो.

तिनं कुलूप काढलं, चहा टाकला आणि आपण तिघं म्हणून किटली काठोकाठ भरली. चहाची धार टेबलावर, टेबलावरून तिच्या ड्रेसवर.

"अगं साक, साक!" अप्पा ओरडले आणि मग खो-खो हसायला लागले. "तुझ्या आईचं इंजिनिअरिंग हाय ते!" मुलगी भिजल्या ओढणीनं टेबल पुसत आधी हसली, मग रडली. निघताना किल्ली वडिलांच्या हातावर ठेवून म्हणाली, "फुटली तर मला सांगू नका."

फुटली नाही. पुढे तीन वर्षं आम्ही तिच्यातून चहा प्यालो. ते गेल्यावर मुलीनं किटली मला देऊ केली. मी म्हणालो, "तुम्ही न्या. फक्त कपाटात ठेवू नका."

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. झाकण फुटलं होतं. आता वर स्टीलची वाटी ठेवते म्हणाली. चहा रोज होतो.