न उघडलेली खिरापत

भुलाबाईवर माझी श्रद्धा अशी काही नव्हती, हे आधीच कबूल करते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत वाशिमच्या आमच्या कॉलनीत घरोघरी मातीची भुलाबाई आणि भुलोबा बसतात, म्हणजे आपले पार्वती-शंकरच. संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि मग त्या घरची खिरापत ओळखतात. ओळखली नाही, हरलो असं कबूल केलं नाही, तोवर डबा उघडायचा नाही. मी हे सगळं माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या हट्टापायी करायची, आणि खरं सांगायचं तर माझा जीव देवीपेक्षा त्या डब्यात जास्त अडकलेला असायचा. आदल्या वर्षी पोरींनी उंबऱ्यातूनच वासावरून माझ्या करंज्या ओळखल्या होत्या. समोरच्या वहिनी सगळ्या बायांसमोर हसल्या होत्या. ते हसणं मी वर्षभर पोटात ठेवलं. आहेच माझा स्वभाव तसा, आकसाचा.

म्हणून यंदा कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही अशी खिरापत करायची ठरवली. भोपळ्याच्या बिया भाजून, कुटून त्यांचे लाडू. वास येऊ नये म्हणून विलायची घातली नाही. डबा हलवला तर आवाज येऊ नये म्हणून प्रत्येक लाडू फडक्यात गुंडाळला. सासूबाई चार दिवसांपूर्वीच अनसिंगहून घरची तुरीची डाळ घेऊन आल्या होत्या. स्वभावाने फार गोड, पण त्यांच्या पोटात एक गोष्ट राहत नाही. त्या फोडतील म्हणून मी त्यांना शेजारणीसोबत बालाजीच्या दर्शनाला धाडलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पिठीसाखर निळ्या झाकणाच्या बरणीत असते, ती जवळजवळ सगळी ओतली. जरा जास्तच मऊ लागली हाताला. म्हटलं, मिक्सरनं काम चांगलं केलं. चाखायचा प्रश्नच नव्हता, नैवेद्य कोणी आधी चाखतं का?

पाचच्या सुमाराला सतरा पोरी जमल्या. हल्ली पाच गाणी भराभर म्हणायची आणि डब्यावर तुटून पडायचं, अशी रीत झाली आहे. त्यांनी डबा हलवला, हुंगला, गोड की तिखट विचारलं, पंधरा नावं घेतली. काही केल्या जमेना. शेवटी सगळ्या हरलो हरलो करू लागल्या आणि मी समोरच्या वहिनींकडे बघत डब्याला हात घातला. माझ्यासारखी सुखी बाई त्या क्षणाला जिल्ह्यात नसेल.

तेवढ्यात पायरीवर बसलेली म्हातारी बोलली. सीताफळं विकणारी होती, थोड्या वेळापूर्वीच पाणी मागून टेकली होती. मी तिला ओळखत नव्हते, कॉलनीत कधी पाहिलेली नव्हती.

"काहून एवढी घाई करून राह्यल्या वं पोरीहो? भुलाबाई माहेराले आली हाय. तिचं गानं तं पुरं म्हना."

मला रागच आला. पण म्हातारीने तिथूनच गायला सुरुवात केली. आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नसलेलं गाणं, कडव्यामागून कडवं, आणि पोरी एकेक करून तिच्यामागे म्हणू लागल्या. एक संपलं की दुसरं. मी दोनदा डबा पुढे केला, तिने दोन्ही वेळा हातानेच थांब म्हटलं. अर्धा तास मी मनातल्या मनात तिच्यावर चरफडत उभी होते.

गाणी संपता संपता सासूबाई देवळातून आल्या. मागच्या दाराने आत गेल्या, आणि लगेच निळ्या झाकणाची ती बरणी हातात घेऊन बाहेर आल्या. बोलल्या मात्र अगदी हळू, माझ्या कानाशी.

"सुनबाई, डाळीले लावाची पावडर होती याच्यात. किड्याची. कुठी गेली?"

त्यांनी पिठीसाखर दुसऱ्या डब्यात काढून त्या बरणीत डाळीची बोरिक पावडर भरून ठेवली होती. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी तर त्यांनाच घराबाहेर काढलं होतं. डबा छातीशी धरून मी मटकन खाली बसले. समोर सतरा पोरी, त्यात माझी एक, आणि सगळ्यांचे हात प्रसादासाठी पुढे झालेले.

लाडू बिघडले म्हणून वेळ मारून नेता आली असती. ते मनात आलंही. पण जीभ वळेना. मी सगळ्या बायांसमोर खरं तेच सांगितलं. समोरच्या वहिनींनी आपल्या पोरीचा दंड धरला आणि मागे न बघता निघून गेल्या. भानावर येऊन पायरीकडे पाहिलं तर म्हातारी नव्हती. नंतर बाजारात सीताफळवाल्या बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, मानोऱ्याकडून कितीक जणी येतात, कोणती म्हणून सांगावी? असेलही तशीच कोणी, गाण्याची हौस असलेली. मी त्याच्यावर वाद घालत नाही.

लाडू यजमानांनी परसात खोल खड्डा करून पुरले, कुत्र्यामांजरानेही खाऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी भुलाबाईसमोर बसले आणि पहिल्यांदाच मनापासून हात जोडले. माझ्या हुशारीला घाबरले होते मी. तिला म्हटलं, बाई, आता तूच सांभाळ, माझ्या हाती काही ठेवू नको. सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं, त्यांच्या डोळ्यांदेखत साधा शिरा केला. खायला कोण येणार, हे दिसतच होतं. लेक दारात जाऊन उभी राहिली आणि मला तिच्याकडे पाहवेना.

पाच वाजले, सव्वापाच झाले. मग समोरचं फाटक वाजलं. वहिनींची पोरगी एकटीच आली, सरळ आत येऊन भुलाबाईच्या पाटासमोर मांडी घालून बसली.

"काकू, आईनं सांगतलं का गानं पुरं म्हनजो, अन् खिरापत तिथंच बसून खाजो."

मी तिच्यासमोर ढसाढसा रडले.